उलटी भरलेली पेटी

सत्काराला अजून वीस मिनिटं होती आणि मी सभागृहामागच्या बोळात येरझारा घालत होते. हातातल्या भाषणाच्या कागदाचा घामाने पार लगदा झाला होता. भूगर्भशास्त्रात बत्तीस वर्षं काढलेला माणूस खडकासारखा स्थिर असतो, अशी लोकांची समजूत. मला साधं खुर्चीवर बसवत नव्हतं.

"किती फिरशील? मलाच चक्कर यायला लागली," ताई म्हणाली. ताई माझी थोरली बहीण, शिवणकाम करते. "पोरगी रानात तंबूत राहणार?" म्हणून बाबा अडून बसले, तेव्हा तिने त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता. शेवटी बाबाच कंटाळले. मी निघाले तेव्हा दगडांचे नमुने ठेवायला तिने जाड कापडाच्या दोनशे पिशव्या शिवून दिल्या.

"भाषणात माझं कौतुक कितीदा आहे?" तिने विचारलं.

"तीनदा."

"दोन खोड. त्या जागी पेटीचं सांग."

पेटीचं मी फक्त तिलाच सांगितलं होतं. माझं पहिलंच काम, धरणाची जागा. यंत्राने जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या निघायच्या. त्या वरून खाली अशा क्रमाने लाकडी पेटीत लावायच्या. मी घाईघाईत एक पेटी उलटी भरली. मातीचा ठिसूळ थर होता त्याहून वर दिसला, पायाची आखणी चुकली, काम दोन महिने थांबलं. चौकशी लागली तेव्हा माझं धाबं दणाणलं. आणि त्या कामावरच्या माझ्या वरिष्ठांनी, सरांनी, एका ओळीत लिहून दिलं की पेटी त्यांनी भरली. त्यांना तीन वर्षं नकाशांच्या कोठारात बसवलं. खरं सांगते, तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता. मी मूग गिळून बसले ती बसलेच. नंतर दर भाषणात सरांचे आभार मानले, होकायंत्र धरायला शिकवलं म्हणून, हातोडा कुठे मारायचा ते दाखवलं म्हणून. आभारांची रेलचेल नुसती!

आज सर पहिल्या रांगेत होते. वय चौऱ्याऐंशी. पुढच्या सत्काराची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

व्यासपीठावर गेले, कागद मुठीत चुरगाळला आणि सगळं सांगून टाकलं. वर्ष, पेटीचा क्रमांक, सगळं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना. मी खाली उतरून सरळ सरांपाशी गेले.

"सर, माफ करा."

"पेटीवर अक्षर तुझं होतं," ते म्हणाले. "मला तेव्हाच कळलं."

"मग एकदा तरी बोलायचं होतंत! कान उपटायचे होते माझे!"

"नोकरी नवी होती तुझी. घरी भांडून आली होतीस. ती गेली असती तर तू या कामात परत आली नसतीस. पण मला वाटलं होतं, आठवडाभरात येशील सांगायला. म्हणून कोठारात मी टेबल दाराकडे तोंड करून लावलं होतं. तीन वर्षं तसंच होतं."