आवाजाचे हक्क

"तुही सगुणा मेली वं काल," अंगणात पाय ठेवता ठेवताच मनकर्णाबाई म्हणाल्या. "एवढी भली बाई, तिले काहून मारलं तू?"

आई तूर पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "म्या नाई मारलं. थे मरत होती. म्या फक्त लिवलं."

"वर्षाराणीच्या फोनात ऐकलं, भाकरी थापता थापता. माह्या दोन भाकरी करपल्या तुह्या सगुणेपायी."

"मंग पुस्तक ने एक. सुनेले वाचता येते."

"आता कायले? आयकून झालं ना समदं. साऱ्या गल्लीनं आयकलं, एकाच फोनात."

मनकर्णाबाई आमच्या शेजारी. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. आईची कादंबरी ऐकून गावातल्या बायका रडल्या होत्या, हे त्या आनंदाने सांगत होत्या, आणि आईही आनंदानेच ऐकत होती. जानेवारीतला रविवार होता. मी वाशीमहून मेडशीला आले होते, नेहमीसारखी, एका दिवसापुरती.

आई अंगणवाडी सेविका होती. काम सुटल्यावर तिने लिहायला घेतलं. प्रकाशकांनी भाषा सुधारून मागितली, तेव्हा तिने अकोल्याचा एक छापखाना गाठला आणि पुस्तकं स्वतःच काढली. तिन्ही कादंबऱ्या अशाच निघाल्या. तिचा नियम साधा होता : आधीचं पुस्तक विकून पुढचं छापायचं. मी वाशीमच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, मला पगार आहे. मी एकदा म्हटलं, छपाईचं मी बघते. मी तिच्या ताटातली भाजी उचलल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

"लेकीच्या पैशानं छापलं तं थे लग्नाची पत्रिका झाली," ती म्हणाली. "पुस्तक त्यानं घ्यावं, ज्याले वाचाचं हाय."

दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर आणि चौदा एप्रिलला जवळच्या मालेगावात ती रस्त्याकडेला चादर अंथरायची. आजूबाजूला उदबत्त्या, कॅलेंडरं, मूर्ती, आणि हजारो पुस्तकं. त्या गर्दीत तिची विकण्याची एक रीत होती. ती मांडी घालून बसायची, समोर कुणी थांबलं की कादंबरी उघडून मोठ्याने वाचायला लागायची. आमच्या वऱ्हाडी बोलीत, अंगणवाडीतल्या पोरांना सांगावं तशी, हात हलवत. बायका खाली बसायच्या. पान संपायच्या आत ती थांबायची. "मंग पुढं काय झालं?" असं कुणी विचारलंच की पुस्तक मिटून त्या बाईच्या हातात द्यायची. बहुतेक वेळा ते परत येत नसे.

मग, दीडेक वर्षापूर्वी, एका ऑडिओबुक ॲपच्या माणसाचा फोन आला. तिन्ही कादंबऱ्यांचे आवाजाचे हक्क त्याला हवे होते. बोलायला मऊ माणूस होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत तुम्ही पोचाल, असं तो म्हणाला, आणि ते खरंच झालं. आईने चष्मा लावून, शांतपणे सही केली. कादंबऱ्या दुसऱ्याच एका बाईच्या आवाजात आल्या. आवाज गोड होता, मात्र वऱ्हाडी उच्चार तिने कुठून तरी उसने आणल्यासारखे वाटायचे.

ऐकणारा वर्गणी भरतो ती ॲपला. लेखकाच्या वाट्याला काय यायचं ते किती मिनिटं ऐकलं गेलं त्यावर ठरतं. गल्लीने मिळून ऐकलं तरी फोन एकच. त्यात मनकर्णाबाईंची सून वर्षाराणी वेग वाढवून ऐकायची, स्वयंपाक उरकायच्या आत गोष्ट उरकावी म्हणून. बँकेत जमा झालेला आकडा मी पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "एवढ्यात चादर धुवाले साबण येईन." पुढे तिने विचारणं सोडलं.

चादरीवरची विक्री मात्र बसली. गेल्या दसऱ्याला मी तिच्यासोबत होते. लोक थांबायचे, मुखपृष्ठ ओळखायचे. "अरे, हे तर ऐकलंय आम्ही! मस्त आहे, मावशी," म्हणून हसत पुढे जायचे. आई हात जोडायची. दिवसभर तिने एक ओळ वाचली नाही. मला वाटलं, थकली. चौथी कादंबरी तेव्हाच टाइप होऊन तयार होती. ती छापायला पैसे जमले नाहीत. गठ्ठे परत बांधून आम्ही गाडीत बसलो.

त्या रविवारी मनकर्णाबाई उठायला तयार नव्हत्या. वर्षाराणी फोन घेऊन माहेरी शिरपूरला गेली होती, आणि दुसरी कादंबरी अर्धवट राहिली होती.

"एवढं एक पान वाचून दाखव ना वं. थो मास्तर परत येते का नाई, तेवढं सांग."

"नाई. मले आता वाचता येत नाई."

"काहून? डोये गेले काय?"

"आवाजाचे हक्क देल्ले म्या. सही हाय माही. आता म्या माह्या तोंडानं वाचलं तं चोरी होईन."

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "आपल्याच घरी चोरी! मंग आता पोलीस आपल्या अंगनातून तुले घेऊन जाईन काय?"

मला हसू आलं नाही. दीक्षाभूमीवरची तिच्या मिटलेल्या ओठांची रेघ मला आता कळली.

"आई, थो हक्क रेकॉर्डिंगचा हाय," मी म्हटलं. "चादरीवर बसून तू चार बायाईले वाचून दाखवलं, त्याले कोनी मना नाई केलं. मी वाचला ना करार."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने सूप मांडीवर ठेवलं. तुरीतला एक खडा काढून दूर फेकला. "मंग मी दोन दसरे कायले गप बसली?"

तिने सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, "असो. चौदा एप्रिलले वाचीन. चौथं निंघते मंग यंदा." आणि मनकर्णाबाईंकडे वळून, "मास्तर येते परत. पन उशिरा येते. जाय आता, तुही म्हैस वरडून राह्यली."

संध्याकाळी फाट्यापर्यंत ती मला सोडायला आली. एसटीत बसताना म्हणाली, डब्यातली सोल्यांची, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी वाशीमला पोचताच खाऊन घे, आंबेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरताना ती बसली, ती उठली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

जलदानविधीला घरापुढे मंडप घातला. वंदना झाली. मग रीतीप्रमाणे एकेक जण उठून आदरांजली वाहू लागला. बाईंनी आम्हाला अक्षर शिकवलं. बाई पावसातही पोलिओच्या डोसाला दारोदार फिरायच्या. सगळं खरं होतं. मनकर्णाबाई उभ्या राहिल्या, "तुहा आवाज हाय वं आमच्या फोनात," एवढंच म्हणाल्या आणि बसल्या. तो आवाज आईचा नव्हता, हे सांगायची ती वेळ नव्हती.

शेवटी माझा भाऊ संघदीप बोलायला उठला. तो पुण्याला असतो.

"आईची चौथी कादंबरी तयार आहे," तो म्हणाला. "पहिल्या स्मृतिदिनी मी ती माझ्या खर्चानं छापीन आणि सगळ्यांना मोफत वाटीन. ॲपवाल्यांचाही फोन आला होता. त्यांनाही देऊन टाकू. सगळ्यांना ऐकायला मिळेल."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी "साधू, साधू" म्हणालं. त्याने मनापासून सांगितलं होतं, आणि लोकांनीही मनापासून वाजवल्या होत्या.

मी चारचौघांत बोलत नाही. आमच्या घरी पाहुणे यायचे, फळीवरचं आईचं पुस्तक सहज उचलून पिशवीत टाकायचे, आणि मी आत चहा ठेवायला जायचे. आई काही म्हणत नसे, मीही नसे. आता चहा ठेवायला आत कुणीतरी दुसरं होतं. मी उठले आणि संघदीपच्या हातातून माइक घेतला.

"वाटायची नाही, दादा."

"रूपा, आज नको," तो हळूच म्हणाला. माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"आजच." माझा आवाज मला परका वाटला. "आईच्या तिन्ही पुस्तकांचे गठ्ठे आत आहेत. ते विकले गेले की चौथं छापू. ॲपला द्यायचं की नाही ते त्यानंतर बघू."

समोर सगळे खाली पाहत होते. मयताच्या घरी अशी गोष्ट कुणी काढत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मागच्या रांगेत एका बाईने पोराला गप्प केलं. मी फोटोकडे पाहिलं नाही, लोकांकडे पाहिलं.

"माही आई लेखिका होती," मी म्हटलं. "तिचं पुस्तक इकत घ्या लागते."