ओतून दिलेलं दूध

मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली तेव्हा तिचं वजन अकराशे ग्रॅम होतं. आता ती सात वर्षांची होती आणि जाड काचांचा चष्मा लावायची. त्या काचा तिची आईच घासून बसवायची, कारण आई चष्म्याच्या दुकानात तेच काम करत होती. घरात मुलीला सगळे चिमणी म्हणत.

दवाखान्यातून फोन आला. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलांचं पुढे कसं चाललंय, याची पाहणी होती. चिमणीच्या वडिलांची कामावर सकाळची पाळी, म्हणून आईबरोबर तिच्या सासूबाई निघाल्या. त्यांना कोणी 'चला' म्हटलं नव्हतं.

खोलीत एक तरुण समुपदेशक बाई फॉर्म घेऊन बसल्या होत्या. चिमणीला त्यांनी बाजूच्या टेबलावर तिचा वेगळा फॉर्म दिला. त्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे हसऱ्या नाहीतर रडक्या चेहऱ्यावर खूण करायची होती.

"ताई, बाळाला आईचं दूध किती दिवस मिळालं?"

"मिळालं कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "हिच्या अंगावर दूधच नव्हतं. डब्याच्या पावडरीवर वाढवलीय मी पोरीला. लिहा, शून्य."

बाईंनी शून्य लिहिलं.

"खोडा ते," सून म्हणाली. "एक्केचाळीस दिवस, इथेच. वरच्या मजल्यावर."

तिने सांगायला सुरुवात केली. लेक काचेच्या पेटीत होती आणि दर दोन तासांनी तिच्या पोटात नळीतून दूध जायचं. पोटाचे टाके ओढत असताना ही दूध काढायचा पंप लावून बसायची. पहिल्या दिवशी बाटलीचा तळ ओला झाला, इतकंच. सिस्टर तेवढंही वाया जाऊ देत नव्हत्या. आत फक्त आईला सोडायचे, त्यामुळे सासूबाईंनी यातलं काही पाहिलंच नव्हतं. त्यांनी पाहिलं ते घरी आल्यावरचं. बाळ छातीला लावलं की चार घोट ओढून दमून झोपायचं.

"घरीसुद्धा काढून फ्रिजमध्ये ठेवायचे मी," सून म्हणाली. "आई, तुम्ही ते ओतून दिलंत."

"शिळं होतं."

"चार तासांचं होतं."

"मला काय ठाऊक किती तासांचं? एवढासा जीव. त्याला काही झालं असतं तर माझ्याच नावाने खडे फोडले असतेस."

"मी विचारलं तेव्हा म्हणालात, बाटली सांडली. पाच वेळा सांडली?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "पोर जगली ना? मग झालं तर."

त्या पाचव्या वेळेनंतर सुनेने पंप कपाटात टाकला होता. पुढे कित्येक महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, नखरे आहेत, दुसरं काय.

बाईंनी पान उलटलं. "आता तुमच्याबद्दल. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं असं किती वेळा वाटलं?"

"हे सात वर्षांनी विचारताय?" सून म्हणाली. "तेव्हा बाळाचं वजन रोज विचारायचात. मी जेवले का, हे एकदाही कोणी विचारलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी चिमणीचा कागद ओढून घेतला. आजीच्या नावापुढे हसऱ्या चेहऱ्यावर खूण होती, आईच्या नावापुढे रडक्या.

"इथे रडका का गं?"

"आई माझ्याशी बोलत नाही," चिमणी म्हणाली. "चष्मा पुसून देते फक्त."

"घ्या. लेकरू खोटं बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याची धार होती.

लेकीचं म्हणणं खरं होतं. पोरीला जवळ घेतलं की सुनेला आजही बाटलीतला तो ओला तळच दिसायचा आणि हात आपोआप सैल पडायचे.

"मंगळवारी एकट्या या," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवते."

"सुनेला वेडी ठरवताय का?"

"नाही आजी. त्या आजारी होत्या. तुम्हीही ओळखलं नाही आणि आम्हीही नाही."

बसमध्ये चिमणी आजीच्या मांडीवर बसली. शेजारची जागा रिकामी असूनही आई दांडा धरून उभी राहिली.

मंगळवारी तिने दुकानातून अर्धा दिवस रजा घेतली. ती चप्पल घालत असताना सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिथे जाऊन माझं नाव घेणार?"

"घेणार."

"घे. मीही चारचौघांत तुझं घेईन."

"गेली सात वर्षं तेच करताय."

चिमणी आतून धावत आली. "कुठे चाललीस?"

एरवी आई 'कामाला' म्हणून निघून गेली असती. ती उंबऱ्यावर बसली. "डॉक्टरांकडे. तू झालीस तेव्हापासून मला बरं नाही."

"माझ्यामुळे?"

"नाही. तुझ्यामुळे नाही." ती थांबली, मग पुन्हा म्हणाली, "तुझ्यामुळे मुळीच नाही. आल्यावर सगळं सांगते."

"आजीचंही सांगशील?"

"आजीचंही."

सासूबाईंनी चिमणीचा दंड धरून तिला आत ओढलं आणि सून जिन्यापर्यंत पोहोचायच्या आत दार लावून घेतलं.