क्रमांक चारशे सतरा, हाती घेऊन वाचावा

काचेच्या पेटीत डावीकडून तिसरा, खालचा कोपरा चेपलेला, तो मी. मित्रांनो, तुम्ही ही प्रशिक्षण शाळा बघायला येता, शेजारच्या चकचकीत बिल्ल्यांपाशी घुटमळता आणि माझ्यापुढून सरळ निघून जाता. मला राग येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो थोडासा. म्हातारपणी तेवढी सूट असते. पण आज दोन घटका थांबा, मला माझी हकीकत सांगायची आहे.

मी अंतराळदलाच्या तपास शाखेचा बिल्ला आहे. सेवेतून काढलेल्या एका जहाजाच्या पत्र्यातून मला कापलं. छापयंत्राने एका दणक्यात माझ्या छातीवर तारा उठवला. क्रमांक मात्र हाताने कोरायचा असे. कोरणारे आजोबा भिंगातून बघत काम करायचे आणि सारखे पुटपुटायचे. "आकडे मोठे काढा म्हणे. जागा केवढी, आकडे केवढे! वर म्हणतात, अधू डोळ्यांच्या माणसालाही वाचता आले पाहिजेत." पुटपुटत पुटपुटत त्यांनी माझ्यावर चार, एक आणि सात कोरले. इतके खोल, की आजही त्यात नखाचं टोक रुततं.

माझ्यावर हुद्दा नाही, हे लक्षात आलं का तुमच्या? तपास शाखेच्या कुठल्याच बिल्ल्यावर तो नसे. हुद्दा लिहिला की सेनापती शिपायाला उत्तर देत नाही, आणि शिपाई सेनापतीपुढे गप्प बसतो. म्हणून आमच्या शाखेचा माणूस नुसता तपासनीस. त्याचा खरा हुद्दा कुणालाही कळत नसे.

मला चामड्याच्या घडीत बसवलं. माझ्यासमोर एक पत्र, त्यावर फोटो, सही आणि बारीक अक्षरांत माझे अधिकार. दलाच्या कोणत्याही जहाजावर, तळावर आणि कोठारात प्रवेश. कोणत्याही हुद्द्याच्या माणसाला प्रश्न. वह्या आणि यंत्रं ताब्यात घेण्याची मुभा. वैध जबाब जोडला असेल तर कुठल्याही जहाजाचं उड्डाण एक दिवस रोखण्याची ताकद. आहे की नाही थाट? पण सगळ्यांत शेवटी एक ओळ होती, आणि तिच्यापुढे माझा सगळा थाट फिका. 'प्रश्न विचारण्यापूर्वी हा बिल्ला समोरच्याच्या हाती द्यावा. त्याने तो हाती घेऊन क्रमांक मोठ्याने वाचावा. त्याशिवाय घेतलेला जबाब जबाब नव्हे.' नुसता लांबून दाखवायचा नाही, हाती द्यायचा. विचारणारा कोण आहे हे विचारण्याचा हक्क आधी समोरच्याचा.

मी मिळालो एका बाईला. कचेरीत सगळे तिला 'पट्टी' म्हणत, कारण जबाबाच्या प्रत्येक ओळीखाली ती पट्टीने रेघ मारायची. कुणी चिडवलं की म्हणायची, "वाकड्या ओळीत सरळ गोष्ट राहत नाही हो!" आणि स्वतःच हसायची. तिचे वडील जन्मभर जहाजांची जोडकामं करत आलेले. गणवेश दिसला की त्यांचा घसा कोरडा पडायचा, काही केलेलं नसलं तरी. मी घरी आलो त्या दिवशी त्यांनी मला हातात घेतलं, पुसलं आणि लेकीला म्हणाले, "बये, हा बघून माणसं घाबरतील. तेवढं ध्यानात ठेव." तिने ध्यानात ठेवलं. जरा जास्तच ठेवलं, आणि त्यातूनच पुढचा घोळ झाला.

आमची नेमणूक अंतराळातल्या वरच्या तळावर झाली. तिथल्या तिसऱ्या गोदीत एका सकाळी हवाबंद दाराचं रबरी कडं फाटलं आणि दारापाशी काम करणारा एक जोडारी जिवानिशी गेला. दार ज्याने बसवलं होतं तो थोरला जोडारी त्याचाच मेहुणा. गोदीप्रमुखाने दोन ओळींचा अहवाल लिहून टाकला की दोष बसवणाऱ्याचा आहे. चौकशी मंडळाने तो मानला असता तर थोरल्या जोडाऱ्याला बारा वर्षं कोठडी होती. पण त्याच्या जिवाला कोठडीहून मोठा घोर वेगळाच होता. गेलेला माणूस त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. जहाजांना सुटायची परवानगी देणाऱ्या गोदीच्या निर्गमन खिडकीवर ती कारकून होती, आणि त्या सकाळपासून ती भावाशी एक शब्द बोलली नव्हती. समोर आला की ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

पट्टी त्याच्या खोलीवर गेली. स्वयंपाकाच्या ओट्याला लागून एक टेबल, दोन खुर्च्या, दोरीवर वाळत घातलेला कामाचा सदरा. तिने दार वाजवलं तेव्हा तिचा हात खिशात माझ्यावर होता. दार उघडलं, त्याने तिच्या गणवेशाकडे पाहिलं, आणि त्याचा घसा हलला. अगदी तिच्या वडिलांसारखा. तिचा हात माझ्यावरून निघाला. मी खिशातच राहिलो.

"बसू का जरा, दादा?" एवढंच ती म्हणाली.

तो बोलला. आधी अडखळत, मग धबधबा. कडं चिरलंय हे त्याने तीन दिवस आधी पाहिलं होतं आणि गोदीच्या वहीत लिहिलंही होतं. गोदीप्रमुखाने ते पान फाडलं, "जहाज वेळेवर सुटलं पाहिजे" म्हणाला आणि त्याला पहिल्या गोदीत धाडून दिलं. दुसरा पुरावा? होता. जोडाऱ्यांची एक जुनी चाल असते. प्रत्येक दाराच्या आतल्या पत्र्यामागे ते तारीख आणि दाराची अवस्था लिहून ठेवतात. खडूची भुकटी हवेत जाऊ नये म्हणून मेणखडूने. पुढच्या वेळी दार उघडणाऱ्या भाऊबंदासाठी. ते दार आता भंगारजहाजावर चढवलं होतं आणि जहाज परवा दुपारी दोनला वितळभट्टीकडे निघणार होतं.

पट्टीने सगळं लिहून घेतलं, रेघा मारल्या, त्याची सही घेतली. मी खिशात ओरडत होतो म्हणा ना, मला काढ, अगं मला काढ! पण बिल्ल्याला आवाज कुठून असणार?

जहाज रोखायचं तर जबाबावर मंडळाचा शिक्का हवा होता, आणि मंडळ बसायचं होतं त्याच परवाच्या सकाळी दहाला. लांब टेबल, तिघं सदस्य, एका बाजूला गोदीप्रमुख, दुसऱ्या बाजूला जोडारी आपला एकुलता एक इस्त्रीचा सदरा घालून. अध्यक्षांनी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. "बिल्ला हाती दिला होता?" या प्रश्नाचं उत्तर कधी 'हो'खेरीज आलंच नव्हतं. लेखनिकाने तर सवयीने 'हो' लिहूनही टाकलं होतं.

 टेबलाखाली पट्टीने मला इतकं घट्ट धरलं की माझी टोकं तिच्या तळहाताला रुतली. मी खिशातच होतो हे खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि जोडाऱ्याला. तिसरा मी. जोडारी तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होता. हो म्हणा बाई, हो म्हणा.

"नाही," ती म्हणाली. "दिला नव्हता. चूक माझी आहे."

लेखनिकाने मान वर केली. मग 'हो'वर काट मारली. जबाब रद्द झाला. अध्यक्षांनी दुपारी चारला निकाल सांगायचं ठरवलं आणि गोदीप्रमुखाने आपली टोपी उचलली.

बाहेरच्या बोळात जोडाऱ्याने तिला गाठलं. "काय केलंत हे, बाई? एक 'हो' म्हटलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं? माझं घर बुडालं!"

"आज तुमच्या बाजूने मी खोटं बोलले आणि उद्या कुणी तुमच्याविरुद्ध बोललं, तर कुठल्या तोंडाने अडवू त्याला?" ती म्हणाली. "दादा, माझ्यावर रागवा. हवं तेवढं रागवा. पण अजून साडेतीन तास आहेत. आता हा घ्या हातात."

तिने मला पुढे केलं. त्याने घेतलं, पण हात असे लटपटत होते की मी निसटलो आणि कोपऱ्यावर आपटलो. तुम्हाला दिसतो तो चेपका तिथला. तो खाली बसला, मला उचललं, सदऱ्याला पुसलं आणि एकेक आकडा बोटाने चाचपत वाचला. "चार. एक. सात." वाचल्यावर त्याचा श्वास जरा खाली बसला. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, मित्रांनो, की मी हातात आल्यावर माणसाची भीती वाढत नाही, कमी होते. पट्टीलाही तेव्हाच कळलं असावं, कारण तिने डोळे पुसले.

तिथेच बाकावर जबाब पुन्हा लिहिला. रेघांसकट. अध्यक्षांनी कटकट करत, पण वाचून, शिक्का दिला. हे सगळं होईस्तोवर दीड वाजून गेला.

निर्गमन खिडकीवर जोडाऱ्याची बहीण बसली होती. डोळे सुजलेले, केस मात्र चापून बांधलेले. जहाज रोखायचं तर खिडकीवरच्या माणसाने बिल्ला हाती घेऊन वाचायचा असतो. गोदीप्रमुख आमच्याआधीच तिथे पोहोचला होता. "अजिबात हात लावायचा नाही," तो तिला म्हणाला. "ज्याच्यामुळे तुझं कुंकू पुसलं, त्याला वाचवायला आल्यात या."

पट्टीने मला खिडकीच्या फळीवरून आत सरकवलं. ती एवढंच म्हणाली, "हाती घ्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. हक्क तुमचा आहे."

बहिणीने पडद्याला हात घातला. आता ओढते, असं मला वाटलं. माझी सगळी ताकद, सगळे थाटाचे अधिकार त्या फळीवर निपचित पडले होते. तिने पडदा सोडला आणि मला उचललं. चामड्याची घडी उघडली आणि समोरचं पत्र वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. ते पूर्ण वाचणारी ती पहिलीच. गोदीप्रमुख घड्याळ बघत होता, "अगं, वेळ काय झाली!" म्हणत होता. तिने वर बघितलं नाही. शेवटची ओळ संपल्यावर तिने मला तळहातावर ठेवलं.

"चारशे सतरा," ती मोठ्याने म्हणाली. "जहाज थांबलं." मग गोदीप्रमुखाकडे वळून म्हणाली, "साहेब, नवरा माझा गेलाय. काय झालं ते मलाच बघायचंय."

दार खाली उतरवलं. जोडाऱ्यानेच आतल्या पत्र्याचे खिळे काढले. पत्र्यामागे निळ्या मेणखडूत त्याचं ठसठशीत अक्षर होतं, अपघाताच्या तीन दिवस आधीच्या तारखेसह. 'कडं चिरलंय. बदलल्याशिवाय दार उघडू नये.' आणि त्याखाली दुसरं अक्षर होतं, डावीकडे झुकलेलं, घाईचं. 'मीपण पाहिलं. दादा बरोबर आहे.'

ते अक्षर कुणाचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती पत्र्यासमोर जमिनीवर बसली. अक्षराला तिने बोट लावलं नाही, पुसलं जाईल म्हणून.  मग मागे न बघता तिने विचारलं, "दादा, हे लिहिलं तेव्हा तू होतास त्याच्याजवळ?"

"होतो ना," जोडारी म्हणाला. "माझाच खडू घेतला त्याने. परत दिलाच नाही बघ."

ती रडता रडता हसली, आणि भाऊ तिच्या शेजारी जमिनीवर बसला. पट्टी मला खिशात घालून चार पावलं मागे सरकली.

जोडारी सुटला. पान फाडणाऱ्याची नोकरी गेली आणि खटला उभा राहिला. पट्टीलाही लेखी ताकीद मिळाली. तशी शिफारस तिने स्वतःच अहवालात केली होती आणि तिच्याखाली पट्टीने रेघही मारली होती.

पुढे तिने मला एकवीस वर्षं वापरलं. मी हजारो हातांतून गेलो. घामेजलेल्या, ग्रीस लागलेल्या, अंगठ्यांनी भरलेल्या. माझा चेपका सरळ करायला एकदा लोहार बोलावला तर तिने त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग उजेड फेकणारे नवे बिल्ले आले. ते लांबून चमकवले की दारं आपोआप उघडतात, हातात द्यावे लागत नाहीत. शेवटच्या ओळीचं कुणाला काही वाटेनासं झालं. निवृत्तीच्या दिवशी पट्टी मला जमा करायला गेली तेव्हा कोठारातला माणूस यादीत मान खुपसून म्हणाला, "ठेवा तिकडे ट्रेमध्ये."

तिने ठेवलं नाही. हात पुढे करून उभी राहिली. मागे रांग लागली, लोक कुरकुरायला लागले, तरी हलली नाही. "आधी हातात घ्या," ती म्हणाली. शेवटी त्याने यादी बाजूला ठेवली, मला घेतलं, डोळे बारीक केले आणि वाचलं. तेव्हा कुठे तिने हात खाली घेतला. तो तिचा माझ्यावरचा शेवटचा स्पर्श.

मित्रांनो, मला पॉलिश नको, मखमल नको. तुमच्यापैकी कुणाला उद्या बिल्ला मिळाला, तर प्रश्न विचारण्याआधी तो समोरच्याच्या हातात द्या, समोरचा कितीही साधा असो. आणि तुमच्या दारात कुणी बिल्ला घेऊन आलं, तर घाबरू नका. हात पुढे करा, तो घ्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कितीही घाई असली तरी वाचा.

पेटीला कुलूप आहे, त्यामुळे मला हाती घेता येणार नाही. पण आकडे खोल कोरलेले आहेत, काचेतूनही दिसतात. जाण्याआधी एकदा वाचाल? मोठ्याने.