पाठीवरचे बारा चौकोन

लिफ्टमिस्त्री एका अडकलेल्या लिफ्टच्या टपावर वाकून दोर तपासत होता, तेवढ्यात त्याला शिंका सुरू झाल्या. सलग सतरा. लिफ्टच्या आत अडकलेल्या बाई खालून ओरडल्या, “अहो, आधी त्या आजारी माणसाला बाहेर काढा! मी थांबते.” तेव्हा कुठे मिस्त्रीने डॉक्टरांकडे जायचं मनावर घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आठवडाभर वही ठेवायला सांगितली. कधी शिंकलात, कुठे शिंकलात, किती वेळा. वही बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

“सोमवारी एक्केचाळीस?”

“त्यातल्या काही पोपटाच्या असतील,” मिस्त्री ओशाळून म्हणाला.

“पोपटही शिंकतो?”

“माझी नक्कल करतो हो. इतकी हुबेहूब, की बायको आतून मलाच ओरडते, रुमाल घ्या म्हणून.”

बाईंनी वही मिटली. “आपण पाठीवर बारा चौकोन आखू. प्रत्येकात वेगळ्या वस्तूचा थेंब टाकून किंचित टोचायचं. जे सोसत नाही ते पंधरा मिनिटांत फुगतं. मात्र आधी पाच दिवस शिंकांची गोळी बंद.” आणि कशाकशाचे थेंब टाकणार त्याची यादी त्यांनी त्याच्या हातात दिली.

ती यादी त्याने घरी नेली, तिथेच चुकलं.

घरात तो धरून चार माणसं. पोपट त्याच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा. कुत्रा सासऱ्यांचा. आणि बायकोच्या कुंड्या. त्या एवढ्या वाढल्या होत्या की सासऱ्यांना खिडकीतून रस्ता बघायचा तर पानं बाजूला सारावी लागत. वास येतो म्हणून तिघांची एकमेकांच्या लाडक्यांवरून रोज भांडणं. यादीत पक्ष्यांची पिसं तीन नंबरला होती, कुत्रा पाचला, ओल्या मातीतली बुरशी आठला. यादी हातोहात फिरली. प्रत्येकाने आपापला नंबर हेरला, आणि दुसऱ्यांचाही.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीची सेवा सुरू झाली. ताईने त्याच्या मांडीवर कुत्रा आणून बसवला. “जरा धर रे, मी केर काढते.” बायकोने पिंजरा नेमका त्याच्या खुर्चीच्या वर टांगला, म्हणे तिथे उजेड चांगला येतो. सासऱ्यांनी तर एक कुंडी उचलून थेट त्याच्या उशाशी ठेवली. “जावईबापू, हिरवळीने डोळ्यांना गारवा मिळतो.” गोळी बंद, त्यामुळे मिस्त्री सकाळ-संध्याकाळ शिंकत होता, आणि तो शिंकला की तिघंही आशेने त्याच्याकडे बघत. लग्नाच्या सोळा वर्षांत त्याच्याकडे एवढं लक्ष कोणी दिलं नव्हतं. नाक गळत होतं, डोळे चुरचुरत होते, तरी मनातून त्याला बरं वाटत होतं.

तपासणीला तिघंही बरोबर आली. मिस्त्री पालथा झोपला. बाईंनी पेनाने चौकोन आखले, थेंब टाकले, टोचलं. पाठ अशी खाजायला लागली की त्याने उशीचं टोक दातात धरलं. त्याच्या डोक्यामागे तीन माणसं श्वास रोखून उभी होती.

“पहिला फुगला!” सासरे ओरडले. “पहिल्यात कोण?”

“ती तपासणीचीच तपासणी,” बाई म्हणाल्या. “तो फुगायलाच हवा, नाहीतर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा?”

तीन सपाट राहिला. ताईने सुस्कारा सोडला. पाच सपाट. आठही सपाट. आणि अकरावा रुपयाएवढा फुगून लालबुंद झाला.

“धुळीतले किडे,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांना न दिसणारे. गादीत, उशीत, पडद्यात राहतात. आपल्या अंगाची कातडी झडते, ती खातात. त्यांच्या विष्ठेचा यांना त्रास होतो.”

तिघांनीही आपापले हात निरखून पाहिले.

“कोणाच्या अंगाची कातडी?” ताईने विचारलं.

“सगळ्यांच्याच.”

“माझी नाही झडत,” सासरे ताठ होऊन म्हणाले.

मिस्त्रीने मान वळवली. “पण बाई, सगळा जन्म याच धुळीत गेला. मग आत्ताच का?”

“शरीराला पहारेकरी असतात. कधीकधी ते एखाद्या निरुपद्रवी पाहुण्यालाच चोर समजून बसतात. एकदा तसा समज झाला की तो दिसला रे दिसला, आरडाओरडा सुरू. घरात कोणाला दमा होता का?”

“आईला.”

“मग कल तिकडूनच आला असणार. बाकी याच वयात का, ते मलाही नेमकं सांगता यायचं नाही.”

चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवायचे, गादी-उशांना दाट विणीच्या खोळी घालायच्या, गालिचा काढायचा, धूळ ओल्या फडक्याने पुसायची, आणि नाकात औषधाचा फवारा रोज मारायचा, बरं वाटलं तरी. एवढं लिहून घेऊन सगळे घरी आले. दोन दिवस सगळ्यांची तोंडं निवडणूक हरल्यासारखी झाली होती. मग ताईने मुकाट्याने मोठं पातेलं चढवलं, सासऱ्यांनी पडदे उतरवले, बायकोने खोळी शिवल्या. कातडी आपलीच, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

शिंका कमी होत गेल्या. वहीत पोपट पुढे गेला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मिस्त्रीला चहाचा वास आला. कित्येक महिन्यांनी! त्याने डोळे मिटून खोल श्वास घेतला, आणि चहापाठोपाठ बाकीचं घरही नाकात शिरलं. कुत्र्याला भिजलेल्या पोत्याची घाण येत होती. पिंजरा आंबला होता. कुंड्यांच्या मातीला कोंदट न्हाणीघरासारखी दुर्गंधी होती. म्हणजे ताई कुत्र्याबद्दल म्हणायची ते खरं, बायको पोपटाबद्दल म्हणायची तेही खरं, आणि सासरे तर पूर्णच खरे. इतके महिने ही माणसं भांडत होती, आणि त्यातलं एकही खोटं बोलत नव्हतं!

“काय रे, वास यायला लागला?” ताईने लगेच ओळखलं.

तिघंही टेबलाभोवती जमली. “कशाचा येतोय? खरं सांगा हं,” बायको म्हणाली. सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मिस्त्रीने तिन्ही चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि कोरडं नाक मोठ्याने शिंकरलं.

“छे! चोंदलंय अजून.”

तो उठला आणि त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या एकेक करून सताड उघडल्या.

“हे काय आता?” सासऱ्यांनी विचारलं.

“डॉक्टरांनी सांगितलंय,” तो म्हणाला.