हरकत नाही

गोवालच्या पायात चेंडू आला की समोरचे बॅक एकमेकांच्या अंगावर पडत, आणि हे त्याच्या बापाला एकदाही पाहता आलं नाही. हिंमतरावांचं तळपट होवो, दुसरं काय म्हणायचं!

छप्पन साली गोवाल सोळा वर्षांचा होता. तो धडगावच्या माळावर अनवाणी खेळत असताना हिंमतरावांनी त्याला हेरलं. विसरवाडीला त्यांची लाकडाची वखार होती, वखारीची फुटबॉल टीम होती आणि टीमला फॉरवर्ड हवा होता. त्याच आठवड्यात गोवालचा बाप सुकराम घरासाठी सागाचं एक लाकूड आणत होता. जंगलखात्याच्या गार्डने रस्त्यात हटकलं, दम दिला आणि सोडून दिलं. प्रकरण तिथंच मिटलं होतं. पण हिंमतरावांना बरोबर कुणकुण लागली. तिसऱ्या दिवशी ते कागद आणि शाई घेऊन घाट चढून आले.

"तुन्हावर केस व्हयेल शे," ते सुकरामला म्हणाले. "मी दाबी ठेवस. आठे अंगठा दे. तुन्हा पोऱ्या मन्हाकडथीन खेयी."

सुकरामने अंगठा दिला. कुऱ्हाडीने कधीतरी चिरलेला तो अंगठा. ठसाही मधोमध चिरलेलाच उमटला.

गोवाल खेळला. नवापूर, शहादा, धुळे, जिथे नेतील तिथे खेळला. जिंकलेल्या ढाली वखारीच्या कपाटात गेल्या, फोटोत मधल्या खुर्चीत हिंमतराव बसले. एकोणसाठला नंदुरबारच्या रेल्वे टीमने त्याला बोलावलं. रुळांवर खलाशाची, म्हणजे मदतनिसाची, पक्की नोकरी आणि राहायला खोली! गोवालने पेटीही भरली. हिंमतरावांनी कपाटातून तो कागद काढला आणि नुसता त्याच्या नाकासमोर धरला; बापासारखंच गोवाललाही वाचता येत नव्हतं. पेटी रिकामी झाली. एकसष्टला पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा कागद निघाला. गुडघा सुजून भोपळा झाला तरी हळद बांधून त्याला मैदानात ढकललं.

वर डोंगरात सुकराम खाकी कपडा दिसला की रानात पळायचा, मग तो पोस्टमन का असेना. मॅच बघायला खाली उतरण्याची तर बातच नको. त्रेसष्टच्या थंडीत तो तापाने गेला. जाताना त्याने केसचं काय झालं एवढंच विचारलं.

आता तरी सुटका होईल म्हणून गोवाल वखारीत गेला.

"बाप गया, केस नही गयी," हिंमतराव म्हणाले. "आते ती तुन्हावर."

गोवालच्या डोक्यात तिडीक गेली. पण माणसाशी भांडता येतं, कागदाशी कसं भांडायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

चौसष्टची फायनल नंदुरबारला होती, रेल्वेविरुद्ध. खेळ सुरू होण्याआधी रेल्वेच्या कॅप्टनने तक्रार केली की गोवाल वखारीचा नोंदलेला खेळाडूच नाही. हिंमतराव चवताळले. "पुरावा शे!" म्हणत त्यांनी स्पर्धेच्या सेक्रेटरीपुढे तोच पिवळा कागद आपटला. गोवाल शेजारीच उभा होता. पण ज्याला कधी माणसात धरलं नाही तो ऐकेल, त्याला कळेल, हे हिंमतरावांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

चिरलेला ठसा गोवालने ओळखला. आता भर मैदानात केस वाचणार!

सेक्रेटरींनी मोठ्याने वाचलं, "माझा मुलगा गोवाल यास सन छप्पनच्या हंगामात आपल्या संघाकडून खेळण्यास माझी हरकत नाही. सुकराम, निशाणी अंगठा."

"केस कोठे शे?" गोवालने विचारलं.

"कसली केस? हे बापाचं संमतीपत्र आहे. तेही एका हंगामापुरतं."

बाप रानात पळत होता तो या ओळीला भिऊन.

मैदानाभोवती लोक ओरडत होते. सेक्रेटरी घाईला आले. "चालवून घेऊ. आहे कुणाची हरकत?"

रेल्वेच्या कॅप्टनने गर्दीकडे पाहून नकाराची मान हलवली.

"मन्ही शे," गोवाल म्हणाला आणि त्याने जर्सी काढून हिंमतरावांच्या अंगावर फेकली.

"अरे, फायनल शे!" हिंमतराव किंचाळले. "दहा जणस्वर कसं खेयाडू मी?"

"त्या कागदले उतार मैदानमा," गोवाल म्हणाला. "आठ वरीस तोच खेयना."