तपासणीच्या दिवशीचे उसने शिपाई

तारखेला आम्हा सहा कैद्यांना तुरुंगातून कोर्टात न्यायला एकच हवालदार असायचा. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. दोन कैद्यांमागे एक शिपाई, असा नियम आहे. नियम भिंतीवर टांगलेला होता, शिपाई कुठेच नव्हते. म्हणून मामांनी स्वतःची पद्धत काढलेली: लांब साखळी, तीन कैदी पुढे, तीन मागे आणि मधल्या कडीत मामांचं मनगट. एकाला लघवी लागली की सात जणांची वरात निघायची. साखळी एका मजल्यावर गेली की दुसऱ्या मजल्यावरच्या खटल्याला पुढची तारीख.

माझ्यावर नळाच्या तोट्या चोरल्याचा आरोप. आठ महिन्यांतल्या पाचही तारखांना मी न्यायाधीशांपर्यंत पोचलोच नाही. मला आत डांबायला सरकारकडे माणसं आहेत, मी चोर आहे की नाही ते बघायला नाहीत. शिव्या तोंडात यायच्या, पण मामांना द्यायला जीभ रेटायची नाही. त्यांच्या लेकीला मुलगी होऊन चार महिने झाले होते आणि नात त्यांनी फक्त फोनवर बघितली होती. रजेच्या प्रत्येक अर्जावर साहेबांचा शेरा एकच: बदली माणूस नाही.

मग पत्र आलं. कैदी सांभाळायला आणि कोर्टाच्या पहाऱ्याला राज्य सरकार इथल्या पोलिसांना पैसे देतं. ते वाढवायचे का, हे बघायला तपासणीच्या बाई येणार होत्या.

मामा हरखले. "भाच्या, बाईंनी ही साखळी एकदा बघितली ना, की दोन माणसं मिळालीच समज. ती माणसं आली की मी लेकीकडच्या गाडीत बसलो!" पिशवीतला खुळखुळा काढून त्यांनी आम्हा सहाही जणांना वाजवून दाखवला.

पण साहेबांना तपासणी म्हटलं की एकच कळतं. सगळं झकास दिसलं पाहिजे! त्या सकाळी कोर्टात बघतो तर वाहतुकीचे दोन शिपाई, बँडमधला ढोलवाला, भांडारातला कारकून आणि वर्दीत कोंबलेला मेसचा आचारी. साखळी कपाटात.

"मामा, हे काय?"

"काय असणार? बाई लिहून जाणार, माणसं भरपूर आहेत."

"मग सांगा ना त्यांना!"

"साहेबांसमोर? तुझं बरंय, तू आधीच आत आहेस."

बाई आल्या. ठेंगण्या, धुळीचे बूट, हातात वही. साहेबांनी मागवलेला चहा त्यांनी तसाच ठेवला आणि व्हरांड्यात उभ्या राहिल्या. तेवढ्यात चार नंबरच्या कोर्टातून माझा पुकारा झाला. माझी बेडी आचाऱ्याच्या हातात.

"कुठाय रे चार नंबर?" तो कुजबुजला.

"वर. चौथी पायरी फुटलीय, जपून."

तरी धडपडलाच. बाई आमच्या मागोमाग. दाराशी मी म्हणालो, "आता बेडी काढा, आत चालत नाही."

"किल्ली कुठाय?"

"मामांकडे."

"किती वर्षं आहात पहाऱ्यावर?" बाईंनी विचारलं.

आचारी घामाघूम झाला. "बाई, मी आचारी आहे. सकाळपासून चूल बंद आहे, तिकडे सगळे उपाशी बसलेत."

मागे साहेबांना खोकला आला. आता मला राहवेना. "बाई, खरी व्यवस्था कपाटात आहे."

खाली येऊन कपाट उघडावं लागलं. साखळी खणखणत बाहेर पडली आणि सवयीने आम्ही सहाही जण कुणी न सांगता जागेवर उभे राहिलो. मामांनी मान खाली घालून मधल्या कडीत मनगट अडकवलं.

"यात पहारेकरी कोण?" बाईंनी विचारलं.

मामांनी हात वर केला. त्याबरोबर खांद्यावरच्या पिशवीत खुळखुळा वाजला.

"नातीचा आहे, बाई. चार महिन्यांची झाली. अजून बघितली नाही."

साहेब म्हणाले, "मॅडम, म्हणजे त्याचं असं आहे की..."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "उसनी का होईनात, माणसं आहेत. आज सगळे खटले चालवा. मला आकडा हवाय."

त्या दिवशी सहाच्या सहा जण न्यायाधीशांसमोर उभे राहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, गुन्हा कबूल आहे का? नाही म्हणताना इतकं बरं वाटलं की मी ते दोनदा म्हणालो. बाईंनी जुन्या तारखांची नोंद चाळून वहीत दोन ओळी लिहिल्या: एका हवालदारावर दोन खटले, पाच माणसं जास्त आली की सहा.

पुढच्या महिन्यात दोन नवे शिपाई हजर झाले आणि मामा रजेवर गेले. नव्यातल्या एकाने मला विचारलं, "चार नंबर कुठाय?"

"वर. चौथी पायरी फुटलेलीच आहे. तिला बघायला अजून कुणी आलेलं नाही."

दाराशी थांबल्यावर त्याने फोन काढला. मामांनी आमच्यासाठी फोटो पाठवला होता. खाटेवर मामा ढाराढूर झोपलेत, आणि शेजारी टक्क जागी असलेल्या नातीने दोन्ही मुठींनी त्यांचं मनगट धरून ठेवलंय.