दुसऱ्या बाजूवरची ओरड

नांदेडहून रेणुकाचा फोन आला तेव्हा साहेबराव कांदे चिरत होते. दुपारचे डबे भरायची घाई चालली होती. खानावळ त्यांच्या बायकोची, पंचशीलाबाईंची, त्यांच्या हाताखाली दोन बाया आणि त्या बायांच्या हाताखाली साहेबराव, अशी त्या घरातली व्यवस्था होती. कानाला फोन आणि हातात सुरी, अशा अवस्थेत त्यांना कळलं की आपली जुनी कॅसेट जर्मनीतल्या एका कंपनीला मोठ्या काळ्या तबकडीवर पुन्हा काढायची आहे.

"कोनती कॅसेट?"

"पप्पा, तुमची एकच तर हाय. नांदेडच्या जुन्या बाजारात एका गोऱ्यानं खोकंभर कॅसेटी घेतल्या, त्यात निघाली. तिकडं लोक याड लागल्यावानी ऐकून राहिले. म्हणतात, लई मोठा टेक्नो अल्बम हाय."

"टेक्नो म्हंजे?"

"तुम्ही वाजवलं ते."

"मी तर वरातीचा ठेका वाजवला होता," साहेबराव म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी हात वर नेला आणि कांद्याचा हात डोळ्यात गेला. त्यामुळे ते नेमके कशानं रडले हे घरात कुणालाच कळलं नाही.

ती कॅसेट किल्लारीच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यातली. लातुरात ज्यांची घरं धड होती तेही छताखाली झोपायला तयार नव्हते. लोक अंगणात पत्र्याचं शेड ठोकून राहत, आणि शेडाच्या कोपऱ्यात स्टीलच्या भांड्यांची उतरंड रचून ठेवत. खाली डबा, वर तांब्या, त्यावर पेला, सगळ्यात वर वाटी. जमीन हलली की उतरंड कोसळणार, आणि ती कोसळली की विचार करायचा नाही, हाताला लागेल ते माणूस उचलायचं आणि बाहेर पळायचं. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळ्यांच्या अंगात ही शिस्त भिनली होती.

साहेबराव तेव्हा लग्नात कॅसिओ वाजवत. घरात त्याला सगळे पेटीच म्हणत. शेजारचे खाजामियाँ मंडप आणि लाऊडस्पीकरवाले. त्यांना नेमक्या त्याच साली हैदराबादहून कपाटाएवढा बेसचा बॉक्स आणायची बुद्धी झाली. अहमदपूरच्या एका लग्नात साहेबरावांनी ठेका धरला, बॉक्सनं तो जमिनीत उतरवला, आणि आहेरात मांडलेली भांडी खळाखळा खाली आली. अख्खा मांडव बाहेर मोकळ्या रानात. नवरदेव सगळ्यांच्या पुढे होता, आणि एकटाच होता, हे नवरीकडच्यांनी कायमचं लक्षात ठेवलं. त्यानंतर साहेबरावांना कुणी सुपारी देईना.

कलावंताची सुपारी गेली की तो एक तर दारू पितो, नाही तर कॅसेट काढतो. साहेबराव पीत नव्हते. त्यांनी शेडातच रेकॉर्डिंग मांडलं. गायला निलंग्याहून बसलिंगप्पा आला होता, पण पत्र्याखाली यायला तयार होईना. दारात उभा राहून त्यानं तो बॉक्स पाहिला, पाणी प्याला आणि आल्या पावली परत गेला. म्हणून त्या कॅसेटमध्ये गाणं नाही. नुसता ठेका आहे, धम् धम् धम्, आणि त्यावर अधूनमधून साहेबरावांच्या बोटांची लाडीगोडी. पुढे जर्मनीतल्या एका जाणकारानं याला धाडसी निर्णय म्हटलं.

दुसऱ्या बाजूवर, ठेका ऐन रंगात आलेला असताना, घरचीच उतरंड कोसळली. भूकंप नव्हता, खाजामियाँचा बॉक्स होता. पण शिस्त ती शिस्त. खाजामियाँ टेप चालू ठेवूनच पळाले. साहेबरावांनी कॅसिओ छातीशी धरला आणि दाराकडे धाव घेतली. तेव्हा पंचशीलाबाई जे ओरडल्या ते टेपवर स्वच्छ उतरलं आहे:

"अवो, पेटी ठेवा आन् पोरगी उचला!"

साहेबरावांनी पेटी ठेवली नाही. वायर तुटली, ठेका खटकन थांबला. पोरगी, म्हणजे तेव्हा दुपट्यात झोपलेली रेणुका, आईनंच उचलली. पुढे टेप संपेपर्यंत शांतता आहे आणि लांबवर एक कुत्रं भुंकतं. पुन्हा वाजवू, असं साहेबराव म्हणाले होते, पण पंचशीलाबाईंनी तुटकी वायर चुलीत घातली. कॅसेट तशीच निघाली. ज्यांनी घेतली त्यांच्या घरची भांडी पडली आणि त्यांनी ती परत आणून दिली.

मग लातुरात क्लास आले. गल्लीत मजल्यावर मजले चढले, खोलीखोलीत डॉक्टर होऊ घातलेली पोरं दाटली, आणि गल्ली अशी गप्प झाली की प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा अपराधी वाटू लागली. वाजवणाऱ्याला तिथे जागा नव्हती, रांधणारीला होती. कॅसिओ माळ्यावर गेला, खानावळ सुरू झाली, साहेबराव सायकलवर डबे पोचवू लागले. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. आत कुठेतरी टोचत होतं, पण ते टोचणं डब्याबरोबर रोज पोचवून यायचं त्यांना जमलं होतं. आता या फोननं सगळा जमवलेला संसार हलवला. आपलं कुणीतरी ऐकतंय, या एका गोष्टीनं हा पन्नाशी उलटलेला माणूस पोरासारखा हरखला होता.

अडचण एकच होती. तबकडीवर आवाज आहे त्या बाईची सही कंपनीला हवी होती.

"न्हाई," पंचशीलाबाई म्हणाल्या, आणि कणिक तिंबायला लागल्या.

साहेबरावांनी मासळी आणून पाहिली. न सांगता पाट्यावरचं वाटण वाटलं. शेवटी त्यांनी रेणुकाकडून कंपनीला विचारलं, तेवढी ओरड कापता येईल का? कंपनी म्हणाली, मग तबकडी कशाला काढायची? रेणुकानं रविवारी येऊन मोबाइलवर दाखवलं. अंधाऱ्या कारखान्यासारखी जागा, हजारभर गोरी पोरंपोरी नाचतायत, भांडी कोसळतात आणि सगळी एका दमात हात वर करून ओरडतात, पेटी ठेवा आन् पोरगी उचला! उच्चार जरा बोबडे होते, पण कळकळ खरी होती.

पंचशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. साहेबरावांना वाटलं हसल्या. त्या हसल्या नव्हत्या.

"माझा जीव जाऊन राहिला होता तवा," त्या म्हणाल्या. "लेकरू आत, पत्रा वरून पडंल का काय, आन् तुम्ही पेटी घेऊन बाहेर. आता त्याचं गानं झालं. नाव तुमचं मोठं होणार, आन् ओरडणारी मी, येडी. न्हाई करत सही."

"अगं, हातात होती म्हणून राहिली. तवा काही सुचलंच न्हाई."

"इतकी वर्सं हेच सांगून राहिले."

साहेबराव सुरी घेऊन पुन्हा कांद्यांकडे वळले.

कंपनीनं नमुन्याची तबकडी पाठवली. ऐकून दोघांनी सही केली तर पुढच्या निघणार, नाही तर विषय मिटला. रेणुका ती नांदेडहून एसटीनं मांडीवर घेऊन आली. वाटेत लोहा गावापाशी खिडकीतून ऊन आलं तसं तिनं तबकडीवर ओढणी धरली. वाजवायला यंत्र खाजामियाँकडे होतं, भोंग्याच्या काळातलं. ते त्यांनी तेल घालून फिरतं केलं, आणि बरोबर तो कपाटाएवढा बॉक्सही हातगाड्यावर आणला.

"बॉक्स कशाला, खाजाभाई?" साहेबरावांनी विचारलं.

"मैफिलीत मुख्य पाहुण्याला वगळून कसं चालंल?" खाजामियाँ म्हणाले.

दुपारची वेळ होती, पोरं क्लासला गेली होती. खानावळीच्या हॉलमध्ये एका भिंतीला घासलेल्या ताटांची चळत, तिच्यावर वाट्यांची चळत, वर पेले. पंचशीलाबाई ऐकायला आल्या नव्हत्या, त्या भाकरी थापत होत्या. फक्त स्वयंपाकघराचं दार त्यांनी उघडं ठेवलं होतं.

सुई टेकली. साहेबरावांनी डोळे मिटले. असा ठेका त्यांनी स्वतः वाजवतानाही ऐकला नव्हता. जमीन खालून कुणी पायानं दाबावी तसा तो तळव्यांतून वर येत होता. पहिली बाजू संपली, खाजामियाँनी तबकडी उलटली. धम् धम् धम्. भिंतीजवळ एक पेला सरकायला लागला. कुणाचं लक्ष नव्हतं.

पेला पडला, वाट्या पडल्या, आणि शंभर माणसांची ताटं एकदम फरशीवर आली. त्याच क्षणी बॉक्समधून, तरुण आणि जिवाच्या आकांतानं, पंचशीला ओरडली:

"अवो, पेटी ठेवा आन् पोरगी उचला!"

खाजामियाँ कधी बाहेर पडले ते कुणी पाहिलं नाही. साहेबराव उठले. समोर रेणुका उभी होती, बँकेत अधिकारी, पायात उंच टाचांच्या सँडल, खांद्याला पर्स. त्यांनी तिला कमरेला धरलं आणि उचललं. "पप्पा, ती रेकॉर्ड हाय, पप्पा, उतरवा मला," ती म्हणत होती. साहेबरावांना ऐकू येत नव्हतं. ते उंबरा ओलांडून, पायरी उतरून, ओट्यावरून थेट गल्लीच्या मधोमध आले आणि तिथे लेकीसकट खाली बसले. त्यांची कंबर गेली होती.

समोरच्या तीन मजल्यांच्या खिडक्यांत, क्लास चुकवून झोपलेल्या पोरांची डोकी दिसायला लागली. साहेबरावांनी रेणुकाचा हात धरूनच ठेवला होता. मग त्यांना आठवलं आणि ते दाराकडे बघून किंचाळले, "पंचशीला!"

पंचशीलाबाई दारात आल्या. सावकाश, एकेक पायरी बघत. दोन्ही पिठाळ हातांत खाजामियाँचं यंत्र, त्यावर अजून हळूहळू फिरणारी तबकडी, मागे लोंबणारी वायर. त्यांनी ते ओट्यावर जपून टेकवलं, पदराच्या टोकानं तबकडीवरचं पीठ पुसलं आणि गल्लीत बसलेल्या नवऱ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या मुठीतल्या लेकीच्या हाताकडे त्यांनी जास्त वेळ पाहिलं.

"आत कशाला थांबलीस?" साहेबराव कसेबसे म्हणाले. "टाकून यायचं व्हतं ते."

"तुम्ही पोरगी उचलली," पंचशीलाबाई म्हणाल्या. "मग हे कुनी उचलायचं?"

त्यांनी हात पदराला पुसले आणि रेणुकाकडे पेन मागितला.